कुठल्या चर्चचे तुम्ही?

२६ जानेवारी, रात्र

कालपासून एक ‘अच्छा’ डोक्यातून जात नाही. सकाळी परेड पाहिली, दुपारी जेवून आडवा झालो, संध्याकाळी नातवाला घेऊन कोपऱ्यापर्यंत फिरून आलो, तरी तो जागचा हलत नाही. ही म्हणते, सोडा हो, पोरगं आहे ते. पोरगं आहे हे मलाही दिसलं. म्हणूनच सुटत नाही.

काल ऐक्य-प्रार्थनेच्या, म्हणजे सगळ्या ख्रिस्ती पंथांनी एक व्हावं म्हणून करायच्या प्रार्थनेच्या, आठवड्याचा शेवटचा दिवस. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी. १९०८ साली अमेरिकेत सुरू झालेली ही प्रथा, शेवट पौलाच्या परिवर्तनाच्या सणाला. यंदा पाळकसाहेबांनी फार धावपळ केली आणि खरंच सगळे आले. आमचे सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, मेथडिस्ट, नाशिकरोडहून कॅथलिक फादर आणि सिस्टर्स, आणि एरवी कधी न येणारे फेलोशिपचे, म्हणजे नव्या स्वतंत्र प्रार्थनागटाचे, तरुण. पेटी-तबल्यावर भजन झालं, मग त्यांनी गिटारवर आपली गाणी म्हटली. विश्वासांगीकार, म्हणजे आपण कशावर विश्वास ठेवतो ते सांगणारे ठरलेले शब्द, म्हणायला सगळे उभे राहिले. ‘एकच, पवित्र, सार्वत्रिक’ इथपर्यंत आलो तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतली ती मुलं ओठ मिटून उभी होती. त्यांच्यात तो म्हणत नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. उभी तर होती.

नंतर अंगणात चहा आणि खारी. थंडी चांगलीच होती, सगळे कप दोन्ही हातांत धरून. त्यातला एक जण माझ्याकडे आला, ‘प्रेज द लॉर्ड, अंकल!’ मी म्हटलं, सलाम. त्यानं कप खाली ठेवला आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. मला इतकं बरं वाटलं! म्हणाला, ‘कुठल्या चर्चचे तुम्ही?’ मी सांगितलं.

‘अच्छा.’

आणि त्याचा डावा हात सुटला. मग उजवा. थोडं थांबून त्यानं विचारलं, ‘अंकल, तुमचं तारण झालंय का?’ तारण म्हणजे पापातून सुटका. मी हो म्हटलं. तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली.

बस, एवढंच. यात रडण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. पण घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. ज्या वेदीपाशी माझा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, आईला जिथून शेवटचं नेलं, त्या वेदीपासून वीस पावलांवर उभं राहून मी ख्रिस्ताचा आहे की नाही हे मला सांगावं लागतं. गणवेशात आयुष्य गेलं, कुठल्याही छावणीच्या फाटकावर ओळखपत्र काढताना कधी कमीपणा वाटला नाही. इथे वाटला. आणि फेलोशिपवाल्यांनाच का बोल लावू? आमच्याकडची वडीलधारी त्यांना ‘टाळ्यावाले’ म्हणतात, मी ऐकलंय. कॅथलिक बायका काल चहा घेऊन फाटकाशीच उभ्या होत्या, कुणी त्यांना आत बसा म्हटलं नाही. दोन तास एकत्र प्रार्थना केली आणि चहाच्या वेळी अंगणात चार घोळके झाले.

मला खुपतंय ते वेगळंच. हाच प्रश्न मी आयुष्यभर ऐकलाय. ‘कौन सी यूनिट, साहब?’ रेल्वेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत. गेल्या महिन्यात देवळालीच्या लष्करी कॅन्टीनच्या रांगेत पुढच्या माणसानं मान वळवून विचारलं. तो महार रेजिमेंटचा, मी तोपखान्याचा. त्याचं गाव वेगळं, पलटण वेगळी, सेवेची वर्षंही वेगळी. पण पाच मिनिटांत कुठल्या खोऱ्यात कोण कधी होतं ते निघालं, आणि मग साबण-तेलाच्या पिशव्या खाली ठेवून आम्ही दोघं भिंतीला टेकून किती वेळ बोलत राहिलो. निघताना तो म्हणाला, घरी या. खरंच मनापासून म्हणाला. तोच प्रश्न. तिथे त्यानं दार उघडलं, इथे हात सुटला. का?

फौजेत सगळे एकसारखे असतात म्हणून, असं बाहेरच्यांना वाटतं. नसतात. मराठा पलटणीची गर्जना ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’, शिखांची ‘जो बोले सो निहाल’, गोरख्यांची ‘जय महाकाली, आयो गोरखाली’. लंगरमध्ये भात की रोटी यावरून कुरबुरी, खेळाच्या सामन्यात बॅटरी-बॅटरीत, म्हणजे तोपखान्याच्या तुकड्यांत, डोकी फुटायची वेळ. आमच्या युनिटच्या सर्वधर्म स्थळात एका छपराखाली मूर्ती होती, गुरू ग्रंथसाहिब होता, नमाजाची जागा होती आणि एका कोपऱ्यात क्रूस. मी ख्रिस्ती म्हणून जवळजवळ एकटाच. नाताळच्या सकाळी पंडितजींनी स्वतः त्या क्रूसाखालची जागा पुसून घेतली आणि सीओ साहेब, युनिटचे प्रमुख, बूट काढून, मांडी घालून माझ्यासमोर बसले. मी बायबलातला लूकचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, मराठीतच वाचला. कुणाला कळला नसेल. कुणी उठलं नाही.

आज सकाळी टीव्हीवर एकवीस तोफांची सलामी झाली. तोपखान्याचा माणूस तेव्हा झेंड्याकडे नंतर बघतो, आधी कान देऊन तोफा मोजतो. राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदांत सगळ्या बसल्या पाहिजेत. २०२३ पासून जुन्या पंचवीस पौंडी ब्रिटिश तोफा जाऊन आपल्या १०५ मिलिमीटरच्या आल्या. माझी तोफ तीच. आवाज ओळखीचा आला आणि मी थेट कारगिलला पोचलो.

१९९९ मध्ये आपल्या तोपखान्यानं अडीच लाखांहून जास्त गोळे, बॉम्ब आणि रॉकेट टाकले. हा आकडा पुस्तकातला. माझ्या लक्षात राहिलंय ते वेगळं. तोफेवरच्या माणसाला शत्रू दिसत नाही. त्याला डोंगराची पाठ दिसते. दिसतो तो पुढे, पायदळाबरोबर कड्यावर चढलेल्या आमच्या निरीक्षकाला, आणि त्याचा आवाज फक्त रेडिओवर येतो. मागून कमांड पोस्ट कोन सांगते, तोफेचा नंबर वन तो मोठ्यानं परत म्हणतो, लेअर दुर्बिणीला डोळा लावून चाकं फिरवतो, कुणी गोळा भरतो, कुणी त्यामागे चार्ज, म्हणजे दारूगोळ्यातली दारू. तोंडं धुरानं काळी, कान बंद. आणि तिकडे वर, ज्यांना आम्ही कधी पाहिलेलं नाही ती पोरं आमच्या गोळ्यांच्या मागोमाग अगदी जवळून चढतात. आमच्याकडून थोडी जरी चूक झाली तर गोळा त्यांच्यावर. त्यांना हे माहीत असतं, तरी ती चढतात. कुठल्या पलटणीची पोरं, काय खातात, कुणाची जय बोलतात, हे विचारायला त्या रात्री कुणाला वेळ होता? विचारलं ते नंतर. खाली उतरल्यावर, हातावर पट्ट्या बांधलेला एक जवान आमच्या तोफेपाशी आला आणि म्हणाला, ‘कौन सी यूनिट, उस्ताद?’ कुणाचे आभार मानायचे ते त्याला जाणून घ्यायचं होतं.

हे लिहितानाच उमगलं. तिथे हा प्रश्न नंतर येतो. इथे आधी.

द्रासजवळचं ५१४० हे शिखर जम्मू-काश्मीर रायफल्सच्या पोरांनी रक्त सांडून घेतलं. त्याला २०२२ मध्ये नाव दिलं ‘गन हिल’. कड्यावर पाय ठेवले पायदळानं आणि नाव मिळालं मागच्या तोफांना. पायदळातल्या कुणी हरकत घेतल्याचं मी तरी ऐकलं नाही. एखाद्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, केलेल्या कामाला दुसऱ्या मंडळीचं नाव दिलं तर काय होईल? कालच्या पत्रकावर पाळकांची नावं कुठल्या क्रमानं छापायची यावर तीन बैठका झाल्या. मी होतो तिथे. पुढचं लिहीत नाही.

आणि हे पंथ तरी आम्ही कुठे निवडले? मिशनांनी मुलूख वाटून घेतले होते. नगरकडे अमेरिकन मराठी मिशन, नाशिकला चर्च मिशनरी सोसायटी. आजोबा नगरचे म्हणून त्या रीतीचे. चाळीस-पन्नास कोस इकडे जन्मले असते तर अँग्लिकन. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा बाबा म्हणायचे, आता पुढच्या पिढीला विचारावं लागणार नाही. मेथडिस्टांची मोठी शाखा अगदी शेवटच्या क्षणी बाहेर राहिली याचं त्यांना मरेपर्यंत वाईट वाटलं. पुढची पिढी म्हणजे मी.

शरणपूर रोडनं जाताना मला नेहमी ती आफ्रिकन मुलं आठवतात. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली, समुद्रापलीकडून आणून इथे शरणपूरला वाढवलेली, सुतारकी-लोहारकी शिकलेली. त्यातलाच जेकब वेनराईट. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आत वारले, तेव्हा त्यांचा देह महिनोन्‌महिने वाहून किनाऱ्यावर आणणाऱ्यांत आपल्या नाशिकचा हा मुलगा होता, आणि पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाच्या वेळीही तो हजर होता. लिव्हिंगस्टन दुसऱ्या मिशनचे, दुसऱ्या पंथाचे. खांदा देताना यानं ते पाहिलं नाही.

रात्री झोप येईना म्हणून बायबलातलं पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र काढून वाचलं. फिलिप्पै म्हणजे निवृत्त रोमी शिपायांना वसवलेलं गाव. इ. स. पूर्व ४२ च्या लढाईनंतर तिथे त्यांना जमिनी मिळाल्या. आपलं देवळालीच म्हणायचं. म्हणूनच की काय, पौल आपल्या सहकारी एपफ्रदीताला त्या पत्रात ‘सहसैनिक’ म्हणतो. आणि शेवटी शेवटी दोन बायकांची नावं येतात, युवदीया आणि सुंतुखे. त्यांचं कशावरून तरी बिनसलंय. कशावरून, चूक कुणाची, याबद्दल पौल एक अक्षर लिहीत नाही. एकीला विनंती, दुसरीला विनंती, आणि या दोघी माझ्याबरोबर सुवार्तेसाठी झटल्या आहेत एवढी आठवण. झटल्या आधी, बिनसलं नंतर. पौलानं क्रम बरोबर लावलाय.

पण एक गोष्ट मला टाळता येत नाही. फौजेत वरून हुकूम येतो. नाही ऐकलं तर शिक्षा आहे. मंडळीत तसं करायला गेलो तर ती मंडळीच राहणार नाही. आणि बाप्तिस्मा लहानपणी की समजून-उमजून, प्रभुभोजनाला कुणी यायचं आणि कुणी नाही, हे भात-रोटीचे वाद नव्हेत. त्यासाठी माणसांनी जीव दिलेत. ती मुलं विश्वासांगीकार म्हणत नाहीत ती उद्धटपणानं नाही. जे मनापासून पटलं नाही ते ओठांवर आणायचं नाही, असं त्यांना शिकवलंय. मला हे आवडत नाही, पण त्यातला प्रामाणिकपणा दिसतो.

मघाशी ही दिवा मालवायला आली तेव्हा म्हणाली, ‘त्यानं तुम्हाला दुसरा प्रश्न विचारला तो का विचारला असेल?’ मी म्हटलं, मी बाटलेला वाटलो म्हणून. ती म्हणाली, ‘नाही. तुम्ही हरवू नये असं वाटलं म्हणून.’ मी गप्प बसलो. खरंच, तुमच्या आत्म्याचं कसं चाललंय हे मला आमच्या मंडळीत कित्येक वर्षांत कुणी विचारलेलं नाही. वर्गणी विचारतात, गुडघे विचारतात, पेन्शन वाढली का विचारतात. त्या मुलानं हात सोडला, पण विचारायचं सोडलं नाही. चहा पिता पिता, एका अनोळखी म्हाताऱ्याला. तोफेवर असता तर त्याला मी शाबासकी दिली असती. ‘अच्छा’ अजून खुपतोच. खुपू दे. एवढ्यानं काही मरत नाही.

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा आहे. दुसरा शनिवार-रविवार, मुंबई-वसईहून नुसता लोंढा येतो. फादर काल म्हणत होते, पाणी वाटायला आणि रस्ता ओलांडून द्यायला माणसं कमी पडतात. मी होकार दिलाय, आमच्यातले दोन-तीन माजी सैनिकही येतील. त्या मुलालाही बोलवायचं आहे. मूर्ती आहे म्हणून तो आत येणार नाही बहुतेक, आणि मी त्याला आत ये म्हणणारही नाही. बसमधून उतरणाऱ्या लोकांना पाणी रस्त्यावरच लागतं. त्याचा नंबर पाळकसाहेबांकडे असेल. सकाळी फोन करतो.