हायड्रॉलिक क्लचची जुनी लाइन बदलताना: माझा अनुभव

रिव्हर्स टाकताना गिअर खरखरायचा, पण पेडल दोन-तीनदा पंप केलं की मुकाट्याने पडायचा. म्हणून गिअरबॉक्स उतरवायचा विचार बाजूला ठेवला. पंप करून फरक पडतो म्हणजे दोष बहुधा क्लच प्लेटमध्ये नसतो. लाइनमध्ये हवा तरी असते, नाहीतर ऑइल गळत असतं.

आधी मोजून घेतलं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो आणि त्या दाबाने स्लेव्ह सिलिंडरचा रॉड सरकून क्लच सोडवतो. मास्टरचा बोअर (आतल्या नळीचा व्यास) ३/४ इंच, स्लेव्हचा ७/८. क्षेत्रफळाच्या हिशेबाने मास्टरचा पिस्टन २० मिमी सरकला तर स्लेव्हचा रॉड साधारण १४-१५ मिमी सरकायला हवा. सरकत होता जेमतेम ९.

स्लेव्हचं रबरी बूट मागे ओढलं तर आत ओलं. बोअरमध्ये गंजाचे खड्डे, नख अडकेल इतके. अशा बोअरमध्ये नवं सील टाकणं म्हणजे थोड्याच दिवसांत पुन्हा तेच काम, त्यामुळे सिलिंडरच बदलला. मास्टर बाहेरून कोरडा होता, पण तेवढ्यावर त्याला निर्दोष ठरवू नये. पेडल दाबून धरलं, बाहेर कुठेही गळती नाही आणि तरी ते हळूहळू खाली जातंय, तर आतलं सील गेलेलं असतं.

होज पाइप मात्र हमखास दुर्लक्षित राहतो. कोणाला तरी पेडल दाबायला सांगून पाहिलं, तर तो डोळ्यांना दिसेल इतका फुगत होता. काही वेळा त्याच्या आतला थर सुटून झडपेसारखा वागतो: ऑइल पुढे जातं, परत येत नाही, आणि क्लच घसरू लागतो. नवा जोडताना आधी पक्क्या (न फिरणाऱ्या) बाजूचं टोक आवळावं, नाहीतर पीळ पडतो. नट फ्लेअर पान्यानेच (नटाला जवळपास सगळ्या बाजूंनी धरणारा पाना) सोडवावा. साध्या पान्याने कडा गोल झाल्या की पाइपही गेला समजा.

हवा काढताना पेडलने बराच वेळ घालवला, पण लाइनच्या उंच वळणातला बुडबुडा काही हलेना. शेवटी मास्टरच्या टाकीतलं निम्मं ऑइल काढलं, स्लेव्हचा पिस्टन पूर्ण आत दाबला आणि सिरिंजने स्लेव्हवरच्या हवा काढायच्या निपलमधून डॉट ४ (ब्रेक-क्लचचं) ऑइल सावकाश उलटं चढवलं. हवेला वरच जायचं असतं. (मिनरल ऑइल यात चुकूनही नको, सील फुगतात. रंगावर सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवावं.) मास्टर जुनाच ठेवला असेल तर पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा. पेडल पार तळाला नेलं की सील बोअरच्या न वापरलेल्या, गंजक्या भागावर घासून फाटतं.

पेडलचा पुशरॉड आणि मास्टरच्या पिस्टनमध्ये सुमारे १ मिमी मोकळीक सोडली. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, तापून फुगलेलं ऑइल अडकतं आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. मग स्लेव्हचा रॉड पुन्हा मोजला: १४ मिमी. रिव्हर्स पहिल्या दाबात पडला.