लेकचा माग काढत व्हिनेगर हिलवर

आयर्लंडमधल्या एनिसकॉर्थी गावाला गेलो तो इंग्रज सेनापती जनरल लेकमुळे. १८०३ मध्ये दिल्ली आणि लासवारीला दौलतराव शिंद्यांच्या पलटणी मोडणारा हाच लेक पाच वर्षं आधी आयर्लंडमध्ये, वेक्सफर्डच्या शेतकऱ्यांवर तोफा डागत होता.

डब्लिनच्या कॉनली स्टेशनवरून रॉसलेअरची गाडी पकडा आणि डावीकडची खिडकी धरा. ब्रेच्या पुढे रूळ समुद्राला चिकटूनच जातात. एनिसकॉर्थीपर्यंत सव्वादोन-अडीच तास लागतात. गाड्या मोजक्याच, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. मी बघितली नव्हती, त्यामुळे दीड तास फलाटावर गारढोण सँडविच चावत बसलो.

गावाशेजारच्या व्हिनेगर हिल या टेकडीचा व्हिनेगरशी काही संबंध नाही. बोरांसारख्या रानफळांचं रान अशा अर्थाच्या आयरिश नावाचा तो इंग्रजी अपभ्रंश. माथ्यावर पवनचक्कीचं दगडी खोड तेवढं उरलंय. २१ जून १७९८ ला इथे इंग्रजी राजवटीविरुद्ध उठलेले हजारो बंडखोर बायकापोरांसह तळ देऊन होते, बहुतेकांच्या हातात नुसते भाले. एका इंग्रज तुकडीला पोचायला उशीर झाला आणि त्या फटीतून बरेच जण निसटले. चढ सोपा आहे, पण गवत सदा ओलं. चांगले बूट घाला, जून असला तरी रेनकोट सोडू नका.

खाली बाजारचौकात १९०८ चा पुतळा आहे: बंडाचा एक पुढारी असलेला पाद्री फादर जॉन मर्फी आणि शेजारी भालेवाला पोरगा. शिल्पकार ऑलिव्हर शेपर्ड. बंडाच्या शताब्दीपासून पुढे गावोगाव स्मारकांची जी लाट आली, तिच्यातलाच हा. पुतळा देखणा आहे, वादच नाही. पण तो पाहून वाटावं की बंड म्हणजे पाद्री आणि त्याची कॅथलिक लेकरं. वेक्सफर्डच्या बंडखोरांचा सेनापती बॅगनल हार्वे प्रोटेस्टंट जमीनदार होता, त्यालाही फासावर चढवलं. चौकात मात्र तो नाही. आधी बंडाचं संग्रहालय बघा, मग पुतळ्यापाशी या. उलट क्रमानं गेलात तर माझ्यासारखे गोंधळाल.

जमलं तर ओल्ड रॉस या खेड्याला जाच. बसच्या भरवशावर राहू नका, गाडी लागतेच. जवळच्या स्कलाबोगला ५ जून १७९८ ला बंडखोरांनी एक कोठार पेटवलं. आत कोंडलेली शंभराहून अधिक माणसं मेली. बहुतेक प्रोटेस्टंट, काही कॅथलिकही, बायका आणि मुलंसुद्धा. त्यांच्या नावानं ओल्ड रॉसच्या प्रोटेस्टंट चर्चच्या आवारात दगड बसला तो १९९८ मध्ये, द्विशताब्दीला. भालेवाल्याच्या पुतळ्यानंतर नव्वद वर्षांनी.

मी गेलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. फाटकाची कडी जरा गंजलेली आहे, उचलून ढकला.