डिकोडचा आकडा हलेचना: सिरियलायझेशन लायब्ररींची तुलना, माझा अनुभव

सिरियलायझेशन म्हणजे प्रोग्राममधला डेटा बाइटांत बदलणं (एनकोड) आणि तो परत वाचणं (डिकोड). त्यासाठीच्या तीन लायब्ररींचा जावातला वेग मला मोजायचा होता. जेएमएच (जावा कोडचा वेग मोजणारं साधन) लावणं, एकाच ऑर्डरची रचना जॅक्सन (हा जेसन मजकूर वापरतो), प्रोटोबफ आणि फ्लॅटबफर्स अशा तिन्हींत लिहिणं, हे भराभर उरकलं. घोडं अडलं ते डिकोडपाशी.

फ्लॅटबफर्सचा डिकोड काही नॅनोसेकंदांत संपत होता. ऑर्डरमध्ये 10 ओळी असोत की 1000, आकडा तोच. डेटा शंभरपट होऊनही वेळ हलत नाही, म्हणजे त्या डेटाला कोणी हातच लावलेला नाही. फ्लॅटबफर्सची गेटरूटॲजऑर्डर ही डिकोडची मेथड बफरच्या (बाइटांच्या साठ्याच्या) सुरुवातीचा 4 बाइटांचा ऑफसेट वाचते, टेबल कुठे आहे ते नोंदवते आणि परत येते. खरं काम पुढे प्रत्येक गेटरमध्ये (एका फील्डची किंमत देणाऱ्या मेथडमध्ये) होतं: आधी व्हीटेबलमधून, म्हणजे कुठलं फील्ड कुठे आहे याच्या यादीतून, फील्डची जागा शोधायची, मग तिथली किंमत वाचायची. जॅक्सन मात्र सगळा मजकूर वाचून, सगळे ऑब्जेक्ट बांधूनच परततो. हे दोन आकडे एका तक्त्यात शेजारीशेजारी मांडणं सरळसरळ चूक आहे, आणि असे तक्ते दाखवून लायब्ररी निवडल्या जातात याची मला चीड येते.

उपाय असा: डिकोडनंतर तिन्हीकडे तीच फील्ड वाचायची (प्रत्येक ओळीचं नाव, नग, दर) आणि वाचलेली प्रत्येक किंमत जेएमएचच्या ब्लॅकहोलच्या कन्झ्यूम मेथडला द्यायची, म्हणजे ती वापरली गेली असं धरलं जातं. नुसती वाचून सोडली, तर जेआयटी कंपायलर (प्रोग्राम चालू असताना कोड वेगवान करणारा जावाचा भाग) ते वाचन निरुपयोगी समजून काढून टाकू शकतो. हा बदल केल्यावर आकडा ओळींबरोबर वाढू लागला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. जावात फ्लॅटबफर्सचा स्ट्रिंग गेटर दर कॉलला नवी स्ट्रिंग बनवतो. तेच नाव चार ठिकाणी लागत असेल तर व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. शिवाय दोनच फील्ड वाचणारं वेगळं बेंचमार्क (वेगाची चाचणी) ठेवा. तुमचं काम तेवढंच असेल तर फ्लॅटबफर्सचा फायदा अगदी खरा आहे.

एनकोडचं आधीच सांगायला हवं होतं. प्रोटोबफचा मेसेज आपला आकार एकदा मोजून जपून ठेवतो. तोच ऑब्जेक्ट पुन्हापुन्हा एनकोड केला तर ती मोजणी फुकटात सुटते, म्हणून दर वेळी नवा मेसेज द्या. जॅक्सनचा ऑब्जेक्टमॅपर (एनकोड-डिकोड करणारा ऑब्जेक्ट) याउलट एकदाच बनवा.

आकारातही एक खाच आहे. इंट32 (पूर्णांकाचा एक प्रकार) फील्डमध्ये -1 ठेवलं तर प्रोटोबफ टॅग (फील्डची ओळख) सोडून 10 बाइट खातो. जेसनमध्ये तीच किंमत दोन अक्षरांत मावते. सिंट32 हा ऋण आकड्यांसाठीचा प्रकार घ्या, काम एका बाइटवर येतं.

जेएमएचचं मूळ सेटिंग 5 फोर्क (दर वेळी नव्याने सुरू केलेली जावा प्रक्रिया), प्रत्येकात 5 वॉर्मअप (तयारीच्या, न मोजलेल्या) आणि 5 मोजणीच्या फेऱ्या, प्रत्येकी 10 सेकंद. म्हणजे एका मेथडला 500 सेकंद. कंटाळून फोर्क 0 करू नका. मग सगळं एकाच प्रक्रियेत चालतं आणि आधीच्या लायब्ररीने घडवलेली जेआयटी प्रोफाइल (कोड कसा चालला याच्या जेआयटीने ठेवलेल्या नोंदी) पुढच्या मोजणीत शिरते. वेळ जवळजवळ सारखा आला, तर जेएमएचचा जीसी प्रोफाइलर (मेमरीचा वापर मोजणारा) लावून एका कॉलमागे किती बाइट मेमरी घेतली ते बघा.