तुम्ही विचारलंत म्हणून: रोज रपेट मारत असाल ना?

लग्नात, एसटीत, बँकेच्या रांगेत, कुठेही असो. आमच्या घरी चार घोडे आहेत असं कळलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "अरे वा! मग रोज रपेट मारत असाल ना?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांत मी तोवर फेटाबिटा बांधून खोगिरावर चढलेली असते, म्हणून त्याचं मन मोडवत नाही. "हो, अधूनमधून," म्हणते आणि विषय बदलते.

आज नीट सांगते. गेल्या महिन्यात मी सहा वेळा घोड्यावर बसले. त्यातली एक खेप गिरणीत दळण टाकायला होती. बाकीचा महिना घोड्यांच्या मागे गेला, हातात फावडं घेऊन.

फलटण तालुक्यात, पालखीच्या रस्त्यापासून थोडी आत आमची वस्ती आहे. घोड्यांत सगळ्यात जुनी तांबडी. भीमथडी घोडी, उंचीला बेताची, एका धनगर कुटुंबाकडून घेतलेली. मेंढरांच्या मागे चालताना त्यांचा सगळा संसार तिच्या पाठीवर असायचा: पाल, भांडी, वर बांधलेल्या कोंबड्या, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू. देताना त्यांच्यातले म्हातारे मामा एवढंच म्हणाले, "ताई, हिला धान्य लई घालू नगा. फुगंल." मराठ्यांच्या फौजेत भीमा-नीरेच्या खोऱ्यातली हीच तट्टं असायची. आता भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंदही झाली आहे. तांबडीला त्याचं काही नाही. तिला घमेलं वेळेवर लागतं.

मैना सारंगखेड्याची. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात आम्ही नुसतं बघायला म्हणून गेलो होतो, यावर अजून कुणी विश्वास ठेवत नाही. तिच्या डोळ्याखाली भोवरा आहे. बाजारात त्याला आसूढाळ म्हणतात, धन्याला रडवणारं लक्षण. त्यामुळे ती आमच्या ऐपतीत आली. आजवर तिने मला एकदाच रडवलं, पायावर पाय देऊन. भिंगरी ही तिची पोर, दोन वर्षांची, अजून पाठीवर काही घेत नाही. आणि चौथा गबरू, पांढराशुभ्र नुकरा, बारा वर्षं नवरदेव वाहून निवृत्त झालेला. लगामाने त्याचं तोंड इतकं सोललं होतं की पहिले सहा महिने तो डोक्याला हात लावू देत नव्हता. लग्नसराईत गावातून डीजेचा आवाज आला की खाणं सोडून उभा राहतो आणि अंगणात एकटाच पुढचे पाय आळीपाळीने उचलून नाचायला लागतो. समोर वरात नाही, नोटा ओवाळणारं कुणी नाही. गाणं संपलं की पुन्हा गवतात तोंड घालतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही हसलो होतो. आता त्या वेळी मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहते, बस.

सकाळी पाचला उठते. दिवा लावायच्या आधी कान लावते. चौघं गवत चावत असतील तर तो कुरकुर आवाज खिडकीपर्यंत येतो आणि चहा निवांत होतो. मग बाहेर जाऊन पहिलं काम लीद. एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो टाकतो. आमचे लहान चणीचे, तरी चौघांची मिळून एक हातगाडी भरते. कांदेवाले शेजारी खतासाठी आनंदाने नेतात, त्या बदल्यात आमच्या घरी कांदा विकत येत नाही.

लोकांना वाटतं ही झाडलोट आहे. मला तो रोजचा अहवाल वाटतो. गोळे घट्ट, ओलसर, जमिनीवर पडल्यावर फुटणारे असले की सगळं ठीक. बारीक, कडक, वर चिकट पापुद्रा असला तर पाणी कमी पडतंय. पातळ असली तर चारा बदललाय किंवा जंत झालेत. अख्खा हरभरा तसाच बाहेर आला तर दातांना धार आली असेल, चावता येत नाहीये. कुणाची किती वेळा झाली हेही ध्यानात ठेवावं लागतं. पाहुण्यांसमोर जेवताना मी हे बोलत नाही, पण ह्यांच्याशी माझं सकाळचं संभाषण बहुतेक याच विषयावर होतं.

कारण घोड्याचं सगळं दुखणं पोटात. एवढं मोठं जनावर, पण जठर लहान, दहा-पंधरा लिटरचं. एकदम भरपूर खाऊन गाईसारखं रवंथ करत बसणं त्याला जमत नाही. दिवसरात्र थोडं थोडं चरत राहायचं, अशी त्याची घडण आहे. आणि घोड्याला ओकता येत नाही. चुकीचं काही आत गेलं तर ते पूर्ण आतडं पार करूनच बाहेर येणार. म्हणून आमच्याकडे वाळलं गवत चार वेळा पडतं, शेवटचं रात्री दहाला. मैनेसारख्या पावणेचारशे किलोच्या घोडीला दिवसाला सात-आठ किलो सुका चारा लागतो. वर थोडा लसूणघास, आणि कामाच्या दिवशी मूठभर भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी. तांबडीला तीही नाही, मामांचा शब्द. कडब्याची पेंढी उघडली की आधी नाकाला लावते. बुरशीचा वास आला तर ती शेजारच्या म्हशीलाही देत नाही. गाईम्हशींचं पोत्यातलं खाद्य तर दाराच्या आत येऊ देत नाही. त्यातल्या काहींत गाईगुरांना चालणारं एक औषध मिसळलेलं असतं, मोनेन्सिन. घोड्याचं हृदय त्याने बंद पडतं. "घोडं कुठे पेंड खातंय" असं लोक सहज विचारतात, मी मात्र दचकते.

घमेली ठेवायचाही क्रम आहे. आधी तांबडी. सगळ्यांत बुटकी तीच आणि सरकारही तीच. तिने नुसता कान मागे पाडला की साडेचौदा मुठी उंचीचा गबरू दोन पावलं सरकतो. एकदा घाईत मैनेला आधी दिलं, तर तांबडी मैनेला चावली, मैनेने भिंगरीला लाथ घातली आणि भिंगरीने पाण्याची टाकी आडवी केली. ऑफिसात काम केलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

मग खरारा. यात मात्र मला सुख आहे. गबरूच्या मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथे एक जागा आहे. तिथे खरारा फिरला की त्याचा वरचा ओठ सोंडेसारखा लांब होतो, थरथरतो आणि डोळे अर्धे मिटतात. तोंडाला हात न लावू देणारा हा घोडा आता माझ्या खांद्याला ओठाने उलटा खरारा करतो. सगळे ब्लाऊज एका बाजूला हिरवे झालेत.

सोळा टापांचे तळवे रोज लोखंडी आकडीने साफ करायचे, पावसाळ्यात दोनदा, नाहीतर आत कुजून असा वास सुटतो की बोलायची सोय नाही. खूर महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर वाढतो, म्हणून दर सहा-सात आठवड्यांनी नालबंद हवा. बैलांना पत्र्या मारणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, घोड्याचा नालबंद दुर्मीळ. तो "येतो" म्हणाला की आम्ही लग्नाची तारीखसुद्धा पुढे ढकलू. धनुर्वाताची लस दरवर्षी, घोड्यांना, आणि अधूनमधून आम्हालाही. पावसाळ्यानंतर गोमाशा वाढल्या की ताप तपासायचा, कारण त्या सर्रा नावाचा आजार घेऊन येतात. हे सगळं होईस्तोवर ऊन वर येतं आणि रपेट राहते.

आषाढात माउलींची पालखी लोणंदहून तरडगावकडे जाते तेव्हा चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. माउलींच्या अश्वावर कुणी बसत नाही, कारण त्यावर माउलीच असतात. अश्व धावून गेला की वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. त्या दिवसांत आमच्या कुंपणाशीही माणसं थांबतात आणि गबरूला हात जोडतात. गेल्या वर्षी एक आजी पदर सावरत कुंपणाला टेकल्या. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पानी पाजलंस का गं त्याला?" इतक्या वर्षांत रपेटीचं न विचारणाऱ्या त्या एकट्याच.

पाण्याचंच सांगते, कारण माझी चूक तिथेच झाली होती. दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर, चार दिवस कडाक्याची थंडी. टाकीतलं पाणी इतकं गार की घोडे ओठ लावून बाजूला होत. एरवी पंचवीस-तीस लिटर पिणारा गबरू निम्म्यावर आला असणार. असणार म्हणते, कारण मी पाहिलं नाही. नणंद मुलांसह आली होती, पुरणाचा घाट होता. संध्याकाळची लीद गड्याने उचलली आणि मी विचारलं नाही.

रात्री दहाला गवत टाकायला गेले तर गबरू आलाच नाही. कोपऱ्यात उभा, पुढच्या पायाने जमीन उकरत होता. मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघत होता, जणू तिथे कुणी बोलावतंय. वरचा ओठ उलटा वळला. मग बसला, उठला, पुन्हा बसला. कुशीला कान लावला. तिथे एरवी गडगड, खळखळ चालू असते. काहीच नाही. जबड्याखालची नाडी मोजली, साठ. निवांत घोड्याची चाळिसाच्या आसपास किंवा कमीच असते.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न, "शेवटची लीद कधी टाकली?"

मला उत्तर देता आलं नाही.

ते चाळीस किलोमीटरवरून यायचे होते. तोवर चारा काढून घ्या, लोळू देऊ नका, चालवा, म्हणाले. लोळताना आतड्याला पीळ पडला तर आपल्या हातात काही राहत नाही. मग चालवणं सुरू. लहानपणचं कोडं आहे ना, भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून. विहिरीपासून गोठ्यापर्यंत आणि परत, एक तास हे, एक तास मी. तांबडी कुंपणाच्या पलीकडून आमच्याबरोबर चालत होती, वळलो की वळत होती. साडेबाराला डॉक्टर आले. दुखण्याचं इंजेक्शन दिलं, नाकातून लांब नळी पोटात उतरवली आणि पातळ पॅराफिन ओतलं. "आता वाट बघा आणि फिरवा," म्हणाले. थांबलेही, ओसरीवर खुर्चीत.

पाच वाजायला वीस मिनिटं होती. गबरू थांबला, शेपूट उचलली. अंधारात धप् धप् असा आवाज झाला. ह्यांनी बॅटरी मारली आणि वाकून गोळे मोजले. "सात," म्हणाले. आवाज वेगळाच होता, मी काही त्यांच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांना उठवून दाखवले. त्यांनी पायाने एक गोळा फोडून पाहिला, मान हलवली आणि चहा मागितला. त्या थंडीपासून आमच्याकडे हिवाळ्यात पाणी कोमट करून बादल्यांनी जातं, आणि लीद मी कुणालाच उचलू देत नाही.

सात वाजता नणंदेचा धाकटा डोळे चोळत अंगणात आला. त्याला रात्रीचं काही माहीत नव्हतं. "मामी, आज घोड्यावर बसवणार होतीस ना?"

तांबडीच्या पाठीवर घोंगडी टाकली, त्याला वर ठेवला आणि दोर हातात घेतला. विहिरीपासून गोठ्यापर्यंत, आणखी दोन फेऱ्या.