वेगळा कार्यक्रम कशाला, बाई?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. प्रश्न मला नवा नाही. गेली अकरा वर्षं फेब्रुवारी जवळ आला की कोणी ना कोणी विचारतंच. वर्गणीला गेलं की दुकानदार विचारतात, हॉल मागायला गेलं की हॉलचे मालक विचारतात. ज्यांच्याबरोबर मी सव्वीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, ते सहकारीसुद्धा विचारतात, ‘विज्ञानाला कुठं बाई-पुरुष असतो? मग महिला शास्त्रज्ञांचा वेगळा कार्यक्रम कशाला, बाई?’ परवा तुम्ही विचारलंत तेव्हा मी घाईत होते. ‘मुलींना बरं वाटतं हो’ असं म्हणून सटकले. ते उत्तर खरं नव्हतं, घरी येईपर्यंत मनाला लागून राहिलं.

विज्ञानाला बाई-पुरुष नसतो, हे मला मान्यच आहे. खव्यात पिठाची भेसळ असली आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाकला, तर तो कुणाच्याही हातून पडो, निळा रंग येणारच. अडतं ते त्याच्या आधी. ती बाटली हातात येईपर्यंत काय काय होतं, त्यासाठी आमचा कार्यक्रम आहे.

कमला सोहोनींची गोष्ट मी दरवर्षी सांगते. दुर्गाबाई भागवतांच्या या सख्ख्या बहिणीनं १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. केली आणि बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही त्याच संस्थेत शिकलेले. म्हणजे घरातून विरोध सोडाच, उलट पाठिंबा. तरी नकार आला, कारण अर्जदार मुलगी होती. नकार देणारे संचालक होते सी. व्ही. रामन, तीन वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले. कमलाबाई बंगळूरला गेल्या आणि सरळ सत्याग्रहाची भाषा बोलल्या. तेव्हा प्रवेश मिळाला, पण एक वर्ष अजमावून बघण्याच्या अटीवर. त्यांनी ते वर्ष असं काढलं की पुढं मुलींसाठी तिथलं दार उघडलं. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी, म्हणजे पेशींच्या श्वसनात लागणारं एक प्रथिन, असतं हे त्यांनी दाखवलं, तेही बटाट्यावर काम करता करता. विज्ञानातली पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

पण मला जास्त जवळचा वाटतो तो त्यांचा उतारवयातला उद्योग. मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत त्या हिरिरीनं काम करत होत्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्षही होत्या. ‘कीमत’ नावाच्या तिथल्या मासिकात त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहायच्या. केंब्रिजहून आलेली बाई रोजच्या बाजारहाटात काय बघून घ्यावं ते सांगतेय! आमच्या कार्यक्रमात दारापाशीच खव्याचं आणि आयोडीनचं टेबल मांडलेलं असतं, ते मी मनोमन त्यांच्या नावानं मांडते.

१९९८ साली दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. बंगळूरच्या त्या दारात उभं राहिल्याला तोवर ६५ वर्षं झाली होती. हे वाचल्यापासून मला शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमांची धास्ती बसली आहे.

आमचं पहिलं वर्षही तसंच गेलं होतं. संयुक्त राष्ट्रांनी ११ फेब्रुवारी हा विज्ञानातल्या महिला आणि मुलींचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर केला. ती बातमी वाचून आम्ही सहाजणींनी तासगावात कार्यक्रम करायचं ठरवलं. स्वागतगीत झालं, दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांचा परिचय झाला, सत्कार झाला, चार भाषणं झाली. पुण्याहून आलेल्या शास्त्रज्ञ मॅडम शेवटी पंधरा मिनिटं बोलल्या. ‘कुणाला काही विचारायचंय?’ म्हणाल्या तेव्हा हॉल गप्प. दीडशे मुली गणवेशात ताठ बसलेल्या, एकीचा हात वर झाला नाही. घरी येऊन मी रडले. खर्च झाला म्हणून नव्हे. मला माझाच वर्ग डोळ्यासमोर आला, आणि त्याच्या आधीची मी.

कारण मीही एका प्रयोगशाळेत होते. एम.एस्सी. झाल्यावर एका मोठ्या संस्थेत प्रकल्पावर निवड झाली. मुलाखतीत माझ्या प्रबंधावर दोन प्रश्न आले आणि लग्नावर पाच. तरी घेतलं. चौदा महिने तिथं होते, काम हाताला बसत चाललं होतं. मग मुलगी झाली. तिला ठेवायला जागा नव्हती, सासूबाई गावी, नवरा फिरतीवर. जवळपास पाळणाघर होतं ते दुपारी चारला बंद व्हायचं, आणि माझं उपकरण मोकळं मिळायचं साडेतीननंतर. मी नोकरी सोडली. ‘तुमचं हे असंच असतं’ असं तिथले एक वरिष्ठ म्हणाले. माझ्या नोंदवहीची शेवटची अकरा पानं कोरी आहेत, ती वही अजून माझ्याकडं आहे.

म्हणून तुम्ही जेव्हा म्हणता की कॉलेजात तर मुलीच जास्त दिसतात, तेव्हा मी मान डोलावते. खरंच आहे ते. २०२१-२२च्या सरकारी पाहणीत देशात विज्ञान शिकणारे ५७.२ लाख विद्यार्थी होते, त्यात २९.८ लाख मुली. पण संशोधन करणाऱ्यांची मोजणी घ्या. २०१८च्या आकड्यांत पाचांत एक बाईसुद्धा भरत नाही. वर्गातल्या मुली कुठं जातात, ते मला माझ्या वहीवरून कळतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही सगळं मोडून नव्यानं मांडलं. सत्कार बंद. व्यासपीठ बंद, सतरंजीवर गोल बसायचं. आणि मुलींना एकटं बोलवायचं नाही, घरचं एक मोठं माणूस बरोबर हवंच. वेळ संध्याकाळी सातची, कारण फेब्रुवारीत आमच्याकडं बेदाण्याच्या शेडवर काम चालू असतं, बायका सहाशिवाय सुटत नाहीत. तारीखही अकराला अडवून धरत नाही. अकरा आणि अठ्ठावीस, म्हणजे विज्ञान दिन, यांच्यामध्ये जो शनिवार सोयीचा पडेल तो.

त्या वर्षीची एक गोष्ट सांगते. पाहुण्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. आठवीतल्या एका मुलीबरोबर तिची आई शेडवरून थेट आली होती, पदराला द्राक्षाचा चिकटा तसाच. बोलणं सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, त्या माउली म्हणाल्या, ‘मॅडम, द्राक्षं नुसती वाळत घातली तर महिना-महिना लागतो. त्या औषधात बुडवून टाकली की पंधरा दिवसांत बेदाणा. त्यात असतंय काय?’

आमच्याकडं द्राक्षं वाळत घालण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. हे ऑइल म्हणजे मुख्यतः इथाइल ओलिएट. मॅडमनी स्वयंपाकघरातून एक घड मागवला. एका मण्यावर अंगठा फिरवला. जिथं फिरला तिथं मणी चकचकीत काळपट झाला, बाकीचा तसाच पांढुरका राहिला. ‘ही जी पांढरी लव दिसते ना, ते मेण आहे,’ त्या म्हणाल्या. ‘द्राक्षानं पाणी आत धरून ठेवायला अंगावर घातलेलं. त्या ऑइलनं या मेणाच्या बारीक पापुद्र्यांची मांडणी बदलते, मग आतलं पाणी निघून जायला वाट होते.’ घड हातोहात फिरला. प्रत्येक बाईनं एकेका मण्यावर अंगठा फिरवून बघितला. वर्षानुवर्षं टनानं द्राक्षं हाताळलेल्या बायका, पण या नजरेनं मणी पहिल्यांदाच बघत होत्या.

मग त्याच माउली म्हणाल्या, ‘मग माझ्या हाताची सालपटं का निघतात?’ आणि दोन्ही तळवे पुढं केले. बोटांची टोकं गुळगुळीत झालेली, मधे मधे भेगा. मॅडम क्षणभर काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी सांगितलं की कार्बोनेट अल्कधर्मी असतं, सोड्यासारखं, ते कातडीवरचं तेल ओढून घेतं. रबरी हातमोजे घाला, घरी आल्यावर खोबरेल लावा. त्या बाईंनी सोमवारी शेडच्या मालकांकडं हातमोजे मागितले आणि ते मिळाले. पण मी त्या संध्याकाळी त्यांच्या मुलीकडं बघत होते. ती पाहुण्यांकडं बघतच नव्हती. तिची नजर आईवर खिळली होती.

त्या दिवसापासून मला पक्कं कळलं की आमच्या कार्यक्रमाला मुलींइतकीच घरची माणसं महत्त्वाची. मुलगी दहावीनंतर विज्ञान घेईल, बारावीला चांगले मार्क पाडेल, बी.एस्सी.ही होईल. पुढं पाठवायचं की नाही हे रात्री जेवताना ठरतं. ठरवणाऱ्यांनी आयुष्यात एकही शास्त्रज्ञ बाई जवळून बघितलेली नसते. ती कुठं राहते, काय खाते, तिला नवरा आहे का, मुलं कोण सांभाळतं, काही माहीत नसतं. माहीत नसलं की माणूस भितो, आणि भ्यायला की नाही म्हणतो.

एका वर्षी एका वडिलांनी मॅडमना विचारलं, ‘पगार किती पडतो?’ आमच्यातल्या दोघी कसनुशा झाल्या. मला तो प्रश्न फार आवडला. मॅडमनी सगळं सविस्तर सांगितलं. पीएच.डी. म्हणजे नुसती फी भरत बसणं नसतं, नेट ही देशपातळीवरची परीक्षा पास होऊन जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीलाच महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, बऱ्याच संस्थांत वसतिगृह असतं. त्या गृहस्थांना वाटत होतं की पीएच.डी. म्हणजे आणखी पाच वर्षं खर्च. ‘म्हणजे शिकायचे पैसे मिळतात?’ असं त्यांनी तीनदा विचारलं. मग लग्नाचं विचारलं. मॅडमनी तेही सांगितलं, न लाजता, न चिडता.

याच गोलात एकदा खंड पडलेल्या बायकांसाठीच्या फेलोशिपचा विषय निघाला. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं घर-मुलांपायी संशोधन सुटलेल्या बायकांना परत आणण्यासाठी योजना काढलेल्या आहेत. मागं एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. सून म्हणून आलेली, माहेरी एम.एस्सी. झालेली, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि तळहातावर योजनेचं नाव लिहिलं.

कमल रणदिव्यांचंही सांगायलाच हवं. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत कर्करोगावर आयुष्यभर काम केलेल्या या शास्त्रज्ञ. भारतातली पहिली ऊतीसंवर्धनाची, म्हणजे जिवंत पेशी शरीराबाहेर वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी करण्याचं श्रेय त्यांना देतात. १९७३ साली मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. या संघटनेनं पुढं वाशीला काय उभं केलं माहीत आहे? नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर. व्याख्यानं, परिसंवाद हेही केलंच. पण पाळणाघर! मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले. कुणाला तरी कळलं होतं. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती.

म्हणून आमच्या हॉलच्या मागच्या खोलीत दोन गाद्या, खेळणी आणि एक सांभाळणारी मावशी असते. वर्गणीतला पहिला खर्च तोच. पाहुण्यांना जाण्या-येण्याचं भाडं देतो, मानधन त्या घेत नाहीत. पुष्पगुच्छ नाही.

आणि पाहुण्यांना लॉजवर उतरवत नाही. त्या एखाद्या मुलीच्या घरी राहतात. ही कल्पना आमच्यातल्या भूगोलाच्या बाईंची. रात्री जेवण होतं, भांडी आवरली जातात, मुलगी झोपते, आणि मग मुलीची आई आणि शास्त्रज्ञ बाई ओट्यापाशी बोलत बसतात. काय बोलतात ते आम्ही कधी विचारत नाही.

यंदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच एक फोन आला. मागं सांगितलं त्या हातमोजे मागणाऱ्या बाईंचा. थोरली बारावीनंतर बी.एस्सी.ला सांगलीला गेली, आता एम.एस्सी.ला आहे. धाकटी अकरावीत. म्हणाल्या, ‘बाई, औंदा मॅडम आमच्याकडं उतरू द्या. घरात आता नवा पंखा बसवलाय. आणि ह्यांना पण रात्री घरीच थांबायला सांगितलंय.’