सांध्याचं काम : आमची वाटचाल

दुकानात काउंटरच्या मागं शाळेचा एक ग्रुप फोटो लावलाय, १९८६ सालचा. साडेतीन फूट लांब. सव्वादोनशे पोरं एका फ्रेममध्ये बसेनात, म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कॅमेरा फिरवून तीन फोटो काढले आणि ते एकाला एक जोडायला रात्री घरी ब्लेड घेऊन बसले. सांधा त्यांनी सरळ कापला नाही. एका पोराच्या खांद्यावरून, मग बाकाच्या पायाच्या कडेनं, असा नागमोडी कापला. कापलेली कड मागून पॉलिशपेपरनं घासून पातळ केली, म्हणजे चिकटवल्यावर उंचवटा राहत नाही. तिसऱ्या रांगेतलं एक पोरगं दोन फोटोंच्या मध्येच हललं होतं, त्याला तीन हात आहेत. आजही कुणी शोधून दाखवला तर आम्ही चहा पाजतो.

साताऱ्यात राजवाड्याजवळ आमचं दुकान. पासपोर्ट, लग्न, मुंज, लॅमिनेशन. मोबाईल आल्यावर त्यातलं काय काय गेलं ते या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, ते रडगाणं नको. २०१२ च्या सुमारास एका ओळखीच्या हॉटेलवाल्यांनी विचारलं, वाईच्या घाटाचा आख्ख्या भिंतीचा फोटो मिळेल का? मी हो म्हणालो. कसा करायचा ते ठाऊक नव्हतं.

गणपती घाटावर पहाटे गेलो. ५० एमएमची लेन्स, साधा ट्रायपॉड, अठरा फोटो. घरी येऊन फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला दिले तर ढोल्या गणपतीचं देऊळ छान जुळलं, आणि पुढच्या पायऱ्या मात्र तुटल्या. एक पायरी डावीकडून येते आणि मध्येच बोटभर खाली सरकून पुढं जाते. तीन रात्री मी कॉम्प्युटरशी भांडलो. दोन फोटोंतला एकच दगड दाखवून देणारे ते बिंदू असतात ना, कंट्रोल पॉइंट, ते वाढवले, पुसले, परत लावले. पायऱ्या जुळवल्या की देऊळ तुटायचं.

एक डोळा मिटून बोट समोर धरा आणि मान फिरवा. बोट मागच्या भिंतीवरून सरकतं, कारण डोळा मानेच्या कण्यावर नाही, पुढं आहे. कॅमेऱ्याचं तेच. ट्रायपॉडचा स्क्रू बॉडीखाली, आणि लेन्स जिथून बघते ती जागा त्याच्या पुढं. कॅमेरा फिरवला की ती जागा हलते आणि जवळच्या वस्तू लांबच्या वस्तूंवरून सरकतात. लांबचे डोंगर असतील तर कळतही नाही. चार फुटांवर पायरी असेल तर मेलात. यावर कॉम्प्युटरमध्ये औषध नाही, कारण दोन फोटोंनी दोन वेगळ्या जागांवरून बघितलेलं असतं.

मग एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमची पट्टी करून घेतली, कॅमेरा मागं सरकवता येईल अशी. गच्चीवर जवळ एक काठी उभी केली, ती समोरच्या अँटेनाच्या खांबावर धरली, आणि कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवूनही दोन्ही एकावर एक राहीपर्यंत पट्टी सरकवत राहिलो. सापडलेल्या जागेवर बायकोच्या नेलपॉलिशनं खूण केली. ५० एमएमच्या लेन्सला लाल, ८५ च्या लेन्सला गुलाबी. त्या खुणा अजून आहेत.

दुसऱ्या खेपेला पायऱ्या तुटल्या नाहीत. तरी हॉटेलवाले म्हणाले, "साहेब, पायऱ्या केळ्यासारख्या वाकल्यात." बरोबर होतं त्यांचं. एवढा मोठा कोन सपाट कागदावर आणायचा तर दंडगोलावर गुंडाळून उलगडावा लागतो, त्यात आडव्या सरळ रेषा वाकतातच. सरळ ठेवणारी पद्धत घेतली तर कडेची माणसं रुंद होतात, आणि १२० अंशांपुढं ती चालतच नाही. शेवटी नदीपलीकडे जाऊन लांबून, छोट्या कोनात काढला. हिशेब केला तेव्हा या कामात पेट्रोलसुद्धा सुटलं नव्हतं. पण त्यानंतर एक नियम झाला: जागा आधी बघायची, आणि बघण्याचे पैसे वेगळे घ्यायचे.

२०१४ मध्ये अजिंक्यताऱ्यावरून आख्खं सातारा शहर, यवतेश्वरापासून जरंडेश्वरापर्यंत, असं काम आलं. भिंत ४० फूट बाय ९ फूट. २०० एमएमच्या लेन्सनं २५ उभे स्तंभ, आठ रांगा, म्हणजे २०० फोटो, शेजारच्या फोटोवर ३० टक्के चढवून. या वेळी एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा), व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा), फोकस सगळं हातानं ठरवून, हलू नये म्हणून टेप लावून पक्कं केलं होतं. तासभर गेला.

सॉफ्टवेअरनं पहिल्याच झटक्यात ४१ फोटो बाहेर काढून ठेवले. सगळे आभाळाचे. निळ्याभोर आभाळात ते बिंदू लावणार कशाला? मी हातानं लावत बसलो, ढगाच्या पिंजलेल्या कडेवर. ढग मधल्या वेळात चालून गेले होते, त्यामुळे आभाळानं खालचं शहरही ओढून वाकडं केलं. उपाय साधा होता आणि तो सुचायला मला आठवडा लागला. कॅमेरा दर वेळी किती अंश फिरवला हे ठाऊक होतं, ट्रायपॉडच्या फिरत्या माथ्यावर, म्हणजे हेडवर, आकडे असतात. आभाळाच्या फोटोंना बिंदू नकोतच, त्यांना आकड्यांनी जागेवर बसवायचं आणि तिथंच खिळवायचं. तेव्हापासून स्तंभ आणि रांग वहीत लिहिल्याशिवाय आम्ही शटर दाबत नाही.

मग जोडणी सुरू केली. संध्याकाळी लावली, सकाळी बघतो तर डिस्क फुल. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो वळवून त्याची तात्पुरती फाईल सी ड्राइव्हवर टाकत होतं, आणि तिथं जागा होती २० जीबी. ती जागा बदलली. दुसऱ्या रात्री लाईट गेली. तिसऱ्या रात्री मोठा यूपीएस भाड्यानं आणला, अकरा तास चाललं, आणि अगदी शेवटी सेव्ह होताना एरर. हे चित्र १,०५,००० पिक्सेल रुंद आणि २३,००० उंच होतं. जेपेगला एका बाजूला ६५,५३५ पिक्सेलच्या पुढं जाता येत नाही. फोटोशॉपची साधी पीएसडी ३०,००० ला थांबते. मी टिफ नावाची फाईल निवडली होती, तिची हद्द ४ जीबी, आणि आमची फाईल सात जीबीच्या वर. पीएसबी, म्हणजे फोटोशॉपचीच मोठ्या चित्रांसाठीची फाईल, म्हणून सेव्ह केली, झाली. हे आकडे आता दुकानात कपाटाच्या दारावर खडूनं लिहिलेत. अकरा तासांनंतर कळण्यापेक्षा आधी गुणाकार केलेला बरा.

छपाईवाल्याच्या मशीननं ती फाईल उघडलीच नाही, ते मी धरूनच चाललो होतो. चार-चार फुटांचे दहा तुकडे करून दिले, प्रत्येकाला अर्धा इंच जास्त. म्हणजे एवढं सगळं जोडून परत कापलं. अण्णा तेव्हा होते, ते पोट धरून हसले.

सगळ्यात जास्त शिकवलं ते चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांनी. एका कंपनीच्या ऑफिसला पठाराचा फोटो हवा होता. तिथला वारा असा की ट्रायपॉड जड व्हावा म्हणून लटकवलेली बॅगच झोके घेऊन ट्रायपॉड हलवत होती. बॅग जमिनीवर ठेवून दोरी ताणून बांधली तेव्हा फोटो स्थिर आले. पण पवनचक्क्या सगळ्या सारख्या. सॉफ्टवेअरनं चौथीचा माथा सहावीच्या माथ्याला जोडला, आणि फिरत्या पात्यांवर भरमसाट बिंदू लावले.

इथं मी एक चूक केली, जी अनेक जण करतात. जोडीतले बिंदू एकमेकांपासून सरासरी किती चुकले ते सॉफ्टवेअर पिक्सेलमध्ये सांगतं. ती होती साडेसहा. मी सगळ्यात वाईट बिंदू पुसत गेलो, चूक उतरत गेली, एकच्याही खाली आली, आणि मी खूश. चित्र उघडलं तर पठार दोन ठिकाणी दुभंगलेलं. वाईट म्हणून पुसलेल्यांत खरे बिंदूही गेले होते, आणि उरलेले फोटोच्या एकाच कोपऱ्यात गोळा झाले होते. एका कोपऱ्यातले चार बिंदू मिळून खोटं बोलायला सहज तयार होतात. आता आधी पात्यांवरचे, ढगांवरचे, सावल्यांवरचे काढायचे, मग प्रत्येक जोडीत बिंदू चारी बाजूंना पसरलेत का ते बघायचं, आणि आकडा सगळ्यात शेवटी.

पाती मात्र उरलीच. सांधा पवनचक्कीवरून गेला की कुणाला दोन पाती, कुणाला साडेचार. तिथं प्रत्येक चक्की एकाच फोटोतून आख्खी घ्यायची आणि सांधा तिच्या बाजूनं गवतातून वळवायचा. मास्क, म्हणजे कुठल्या फोटोचा कुठला भाग ठेवायचा ते, रंगवताना मला अण्णांचा बाकाच्या पायाकडून गेलेला ब्लेड आठवत होता. एकूण ६४ चक्क्या, भाच्यानं दोन दिवस घेतले.

हे सगळं बरंचसं ह्यूजिनवर शिकलो. ते फुकट मिळतं, आणि त्याच्या मुळाशी हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकांनी लिहिलेली, फोटो जोडायची पॅनोरमा टूल्स आहेत. पुढं विकतचंही घेतलं, ते वेगानं चालतं. पण कुठला आकडा काय करतो ते कळलं फुकटच्यावर, कारण त्यात सगळं आपल्यालाच करावं लागतं.

आता वर्षाला अशी आठ-दहा कामं होतात. बाकी पासपोर्ट आहेतच. दरपत्रकात आम्ही स्पष्ट लिहितो की हवा खराब असेल तर दुसरी फेरी आमच्या खर्चानं, आणि जवळचा कठडा फोटोत हवाच असेल तर पैसे जास्त. फाईल देण्याआधी प्रत्येक सांध्याची मूळ आकारात पट्टी छापतो आणि ती मी तपासत नाही, बायको तपासते. माझ्या डोळ्यांना आता सांधे दिसत नाहीत, जुळलेलंच दिसतं. परवा नव्या शहराच्या फोटोत तिनं पोवई नाक्यावर मागचं चाक नसलेली एक स्कूटर शोधून काढली. चालवणारा आणि मागं बसलेली बाई दोघंही व्यवस्थित आहेत. ती पट्टी टेबलावर आहे, आज रात्री बसायचंय.