स्केलचा डोंगर

"आण्णा, मॅमथ अर्ध्या तासात उरकूया, खरं यलोस्टोन पुढं आहे," असं सूनबाईनं गाडीतच बजावलं होतं. पण तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांपासून मला हलवता हलवता जेवणाची वेळ झाली.

त्याला कारण आहे. माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली आणि बॉयलरवाल्याचा हाडवैरी म्हणजे स्केल. पाणी तापलं की त्यातला क्षार ट्यूबच्या आतून धरतो, उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही, आणि दुर्लक्ष झालं तर ट्यूब फुगून फुटते. म्हणून पाणी सॉफ्टनरमधून, म्हणजे क्षार काढणाऱ्या यंत्रातून घ्या, हार्डनेस (पाण्यातला क्षार) तपासा, ऑफ सीझनला ट्यूबा साफ करा. अशा माणसाला थेट स्केलच्या डोंगरापुढं उभं केलं तर तो अर्ध्या तासात हलणार कसा?

मॅमथ हॉट स्प्रिंग्ज हे यलोस्टोनच्या उत्तर टोकाला, अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, मोंटानाच्या हद्दीला लागून. यलोस्टोन हे 1872 साली झालेलं जगातलं पहिलं नॅशनल पार्क. 1886 पासून 1918 पर्यंत ते चक्क लष्कर सांभाळत होतं. त्या छावणीच्या दगडी इमारती अजून उभ्या आहेत आणि त्यांच्यापुढच्या हिरवळीवर एल्क, म्हणजे आपल्या सांबरापेक्षा थोराड हरणं, रवंथ करत बसलेली असतात. त्यांच्यापासून 25 यार्ड लांब राहायचं असा नियम आहे. फोटोच्या नादात कुणी पुढं सरकलं की रेंजर हाकलतात, आणि बरंच करतात.

आता मुद्द्याचं. यलोस्टोनमध्ये इतरत्र, ओल्ड फेथफुल या प्रसिद्ध गरम कारंज्याला वगैरे, पाणी ज्वालामुखीच्या खडकातून येतं आणि वर सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते द्रव्य, सोडतं. ती फार सावकाश साठते. मॅमथखाली मात्र चुनखडी आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाची. गरम पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो, त्यामुळं ते सौम्य आम्ल होतं आणि वर येता येता चुनखडी विरघळवत येतं. बाहेर हवा लागली की वायू उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. ते तिथं ट्रॅव्हर्टाइन, आमच्या ट्यूबमध्ये स्केल. रिॲक्शन तीच, फक्त इथं सॉफ्टनर लावायला कुणी नाही.

या क्षाराच्या पायऱ्या, म्हणजे तिथल्या टेरेस, कशा होतात हे लाकडी फळ्यांच्या वाटेवर वाकून बघितलं तेव्हा पटलं. पाणी काठावरून जाताना अगदी पातळ होतं, खळबळतं, वायू तिथंच जास्त सुटतो आणि थरही तिथंच जास्त बसतो. मग काठ उंचावतो आणि मागं तळं साठतं. एका काठावर पाईनची सुई अडकली होती. निम्मी हिरवट, आणि पाण्यातली निम्मी साबुदाण्यासारखे पांढरे दाणे धरून बसलेली. पाणी बाहेर पडतं ते साधारण 73 अंश सेल्सिअसनं. एवढ्या गरम पाण्यातही सूक्ष्मजीव वाढतात. पिवळा, केशरी, तपकिरी हे रंग त्यांचेच, पाणी जसं निवत जाईल तसे बदलणारे. क्षार स्वतः पांढराशुभ्र असतो, पाणी आटलं की करडा पडतो.

त्या करड्या भागाला बघून पुष्कळ लोक हळहळतात, "अरेरे, झरे मेले." मला ते काही पटत नाही. पाणी आपलीच वाट बुजवतं आणि दुसरीकडून फुटतं, एवढंच. मिनर्व्हा टेरेस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही वर्षं ठणठणीत कोरडी होती, 1951 पर्यंत पुन्हा वाहायला लागली. तिच्या आसपास क्षार इतका साठायचा की वाटेच्या फळ्याच गाडल्या जायच्या. म्हणून तिथला फळ्यांचा मार्ग उंचावर आणि सरकवता येईल असा केला. हा उपाय मला फार आवडला. क्षाराशी भांडण नाही, आपणच बाजूला व्हायचं. आमच्या चीफ इंजिनिअरांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला गेटबाहेर काढलं असतं!

खालीच लिबर्टी कॅप आहे, 37 फुटी सुळका. एकाच तोंडातून कितीतरी काळ पाणी जोरानं वर येत राहिलं आणि स्वतःभोवती हा खांब बांधत गेलं. आता ते बंद आहे. 1871 साली हेडन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं केलेल्या या भागाच्या सर्वेक्षणात फ्रेंच क्रांतीतल्या टोपीवरून हे नाव पडलं. मला तरी तो वाफेच्या लाइनीवरचा एखादा जुनाट व्हॉल्व्ह वाटला.

हिची मात्र निराशा झाली. वज्रेश्वरी-गणेशपुरीला कुंडात उतरायची सवय, इथं पाण्यात बोट घालायची बंदी. वरचा थर पापुद्र्यासारखा असतो, खाली काय तापमान असेल सांगता येत नाही, त्यामुळं फळ्या सोडायच्या नाहीत. जवळच बॉयलिंग रिव्हरला, जिथं गरम पाणी गार्डनर नदीला मिळतं, पूर्वी उतरू द्यायचे. जून 2022 च्या पुरात तिकडचा रस्ताच वाहून गेला आणि तेही बंद झालं. "मग लांबून बघायला कशाला आणलंत?" म्हणून ती लेकावर घसरली.

जाणार असाल तर आधी वरच्या टेरेसवर गाडी न्या आणि कॅनरी स्प्रिंग बघा, मग खाली या. हिवाळ्यात वरचा रस्ता गाड्यांना बंद असतो, पण गार्डिनर गावाकडून मॅमथपर्यंतचा रस्ता बर्फातही चालू ठेवतात. आणि ओल्ड फेथफुल त्याच दिवशी करू नका. सूनबाई काहीही म्हणू दे.